हिराकाकीचा ओटा आणि माझा भार

देव प्रत्येकाला काही ना काही गुण देऊन पाठवतो म्हणतात. मला त्याने वजन दिलं. शाळेत रस्सीखेचीच्या संघात मी दोराच्या शेवटच्या टोकाला असायचो आणि जत्रेतल्या पाळण्यात मला एकट्याला एका बाजूला बसवून समोर दोघे बसवायचे. यापलीकडे या गुणाचं कुणी चीज केलं नव्हतं. ते केलं रोह्याच्या हिराकाकीने. तिने माझं मोल जेवढं ओळखलं तेवढं ना कंपनीने ओळखलं, ना पुढे बायकोने.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धाटावला एका रसायनांच्या कंपनीत मला स्टोअरमध्ये कारकुनाची नोकरी लागली. माझं गाव जिते. पॅसेंजरने ये-जा करता आली असती, पण शिफ्टची वेळ आणि गाडीची वेळ यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. म्हणून रोह्यात नदीकडच्या एका आळीत खोली घ्यायची ठरवली. घरमालक काशीकाका आमच्याच कंपनीच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होते, तेव्हा जेवणाचीही सोय होणार होती. मी खोली बघायला गेलो तेव्हा काका कामावर होते आणि मालकीणबाई मागच्या पडवीत स्टुलाचा पाय तासत बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, केसांत भुसा, कानावर पेन्सिल. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कुठला, कुणाचा, पगार किती, काहीच विचारलं नाही. हातातलं स्टूल उलटं होतं ते सुलटं करून पुढे सरकवलं.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"आता हल."

मी हललो. डावीकडे, उजवीकडे, मागेपुढे. नोकरीच्या मुलाखतीतही माझी एवढी कसून परीक्षा झाली नव्हती. स्टूल करकरलं नाही. बाईंचा चेहरा असा उजळला की मला उगीचच आपण काहीतरी करून दाखवलं असं वाटलं.

"कधी येतोस ऱ्हायाला?" हिराकाकीने विचारलं.

काकी पन्नाशीला आलेली, अंगाने वाळक्या शेंगेसारखी, आवाज मात्र पलीकडच्या काठावर पोहोचेल असा. तिचं माहेर वडखळच्या पुढे, खाडीकाठी. तिकडे खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखायला मातीचे बांध घालतात आणि त्या बांधात जागोजाग लाकडी दारं बसवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडतं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला दार लागतं, खाडी बाहेर राहते. काकीचा बाप ही दारं करायचा. भाऊ सगळे शिकले, कंपनीत लागले, आणि बापाच्या हत्यारांना वारस उरली ती ही पोर. लग्नात बाकीच्यांच्या रुखवतात लाडू-करंज्या असतात, हिच्या रुखवतात रंधा, करवत आणि तीन पटाशा होत्या. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या म्हणे.

"हसू दे," काकी सांगायची. "त्यांच्या करंज्या कवाच संपल्या. माझा रंधा हाय अजून."

काकीला स्वयंपाक येत नसे. येत नसे म्हणजे काय, तर तिने केलेलं पिठलं मी एकदा पडवीत सांडलं आणि ते दुसऱ्या दिवशी पटाशीने काढावं लागलं. पण याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं, कारण स्वयंपाक काशीकाका करायचे. दिवसभर कँटीनला शेकडो माणसांचं रांधून घरी आल्यावर हा माणूस परत ओट्यापाशी उभा राहायचा, आणि खुशीत राहायचा. त्यांच्या हातचं वालाचं बिरडं खाल्लं की शिफ्ट, साहेब, स्टोअरमधला हिशेब न लागलेला माल, सगळं विसरायला होई. माझ्या वजनात रोह्याला आल्यावर जी भर पडली तिचे शिल्पकार काशीकाका. लग्न झाल्यापासून घरात असा करार होता की रांधायचं त्यांनी आणि मोडलेलं सांधायचं हिने. शेजारी नावं ठेवत. काका कुणाला उत्तर देत नसत, काकी सगळ्यांना देत असे.

तिच्या सुतारकामात एकच दोष होता, आणि तो दोष आहे हे तिला मरेपर्यंत कुणी पटवू शकलं नसतं. तिने केलेली प्रत्येक वस्तू समुद्र अडवण्याच्या लायकीची असायची. माप घेऊन झालं की ती वर एक बोट वाढवायची. फळी एक बोट जाड, खुंटी एक बोट लांब. कशाला, विचारलं तर म्हणायची, "भरती काय विचारून येते?" आता पोळपाटाला कुठली भरती येणार? पण काकीचा पोळपाट उचलायला दोन हात लागायचे. आळीच्या गणपतीला तिने एकदा चौरंग करून दिला. मूर्ती पेणहून आली, चौरंगावर बसली, थाटात बसली. विसर्जनाला मूर्ती उचलली, पण चौरंग काही उचलेना. पोरांनी जोर लावला, मग जाऊ दे म्हणून सोडून दिला. पुढच्या वर्षी मंडपवाल्यानेच चौरंगाच्या भोवताली बांबू रोवले. काकीला यात आपली चेष्टा झाली असं कधी वाटलं नाही. ती त्याला दाद समजली.

तिचं दुसरं वाक्य, "लाकडाला भार लागतो." बिनभाराचं लाकूड वाकतं, फिरतं, मनाला येईल तसं वागतं, असं तिचं म्हणणं. इथे माझा प्रवेश होई. दोन फळ्या सरसाने जोडल्या की त्यांच्यावर वजन ठेवावं लागतं. सुतार त्यासाठी शिकंजा वापरतात. काकीकडे शिकंजा नव्हता, मी होतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी हाक यायची, "अरविंदा, ये रे, बस जरा." मी पेपर घेऊन फळ्यांवर जाऊन बसायचो. सरस वाळेपर्यंत उठायची बंदी. चहा जाग्यावर मिळायचा. पेपरातल्या छोट्या जाहिराती मी आयुष्यात वाचल्या त्या तेवढ्याच. कंपनीत मला कुणी विचारलं, सुट्टीत काय केलंस, तर मी रुबाबात सांगायचो, सुतारकाम.

असं सगळं बरं चाललेलं असताना काशीकाकांना अर्धांगाचा झटका आला. कँटीनमध्येच, भाताच्या पातेल्यापाशी. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण डावा पाय आणि डावा हात पूर्वीचे राहिले नाहीत. नोकरी सुटली. काही महिन्यांनी ते काठी टेकत घरात फिरू लागले आणि एका सकाळी कुणाला न सांगता स्वयंपाकघरात गेले. जुना ओटा म्हणजे दोन विटांच्या खांबांवर टाकलेला कडाप्पा. काकांनी तोल सावरायला त्याच्या टोकावर उजवा हात रेटला आणि तो कडाप्पा दुसऱ्या टोकाने वर उचलला गेला. काका खाली, त्यांच्या अंगावर पीठ, पिठावर डबे. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसानंतर त्यांनी स्वयंपाकघराकडे पाठ केली. ओटीवर खुर्चीत बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. काय करायचं जेवायला, विचारलं तर म्हणायचे, "कर काय पन."

आणि काकी काय पन करायची. मी वजनात उतरू लागलो. हे मी विनोदाने लिहितोय खरं, पण त्या घरातला तो काळ फार वाईट होता. दुपारी ओटीवर गेलं की काकांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलताना दिसायची. वालाचे मोड आलेले दाणे सोलताना हलतात तशी. समोर वाल नसायचे.

एके दिवशी काकीने कडाप्प्यावर हातोडा घातला आणि स्वयंपाकघर मोकळं केलं.

"असा ओटा करते," ती मला म्हणाली, "का मानसाने पुरा भार टाकला तरी हलायचा नाय. खाली कपाटं. डाळ, तांदूळ, मसाले, सगळं हाताशी. त्यांना वाकायला नको, चालायला नको. निस्तं उभं ऱ्हायाचं."

"काका उभे राहतील?"

काकीने रंधा उचलून त्याचं पातं अंगठ्यावर घासलं. "लगीन झाल्यापासून त्यांनी मला एकदाबी चूल पेटवायला सांगितली नाय. एकदाबी नाय. सगळं गाव हसलं त्यांना. आता मी त्यांना निस्ता ओटा देऊ नको?"

खालच्या कपाटांचं लाकूड माझ्या कृपेने आलं. कंपनीत यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या हलक्या, पांढऱ्या फळ्या भंगारात पडून होत्या. साहेबांची रीतसर परवानगी काढून मी त्या आणल्या आणि काकीने तीन कपाटं केली. पण वरची फळी? ती असल्या खोकटाची करणार नाही म्हणाली. त्यासाठी एका रविवारी आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिच्या बापाने केलेलं उघाडीचं शेवटचं दार काही वर्षांपूर्वी सरकारने काढून तिथे लोखंडी बसवलं होतं आणि त्या दाराच्या सागवानी फळ्या तिच्या भावाच्या गोठ्यामागे पडून होत्या. मिठाच्या पाण्याने काळ्या पडलेल्या, दगडासारख्या घट्ट.

"गो ताय, ही चुलीत घालायची लाकडं," भाऊ म्हणाला. "ओट्याला क्याला नेतेस? बाजारात सनमायका मिळतो."

"तुझा सनमायका भरतीला दे," काकी म्हणाली आणि फळ्या टेम्पोत चढवू लागली. परतताना टेम्पोत त्या घसरू नयेत म्हणून नागोठण्यापर्यंत मी त्यांच्यावर बसलो होतो. नंतर फळ्या घसरल्याच्या आवाजाची ड्रायव्हरलाच सवय झाली.

ओट्याच्या उंचीचा प्रश्न आला. काका उभे राहून माप द्यायला तयार नव्हते. तेव्हा ते दुपारचे आडवे झाल्यावर काकीने हळूच टाचेपासून कोपरापर्यंत काठी लावली. काकांचे डोळे मिटलेलेच होते.

"तिरडीचं माप घेतेस काय गो?" ते म्हणाले.

"तिरडीला एवढं चांगलं लाकूड कोन वाया घालवतो?" काकी म्हणाली आणि काठीवर खूण करून, अर्थातच वर एक बोट वाढवून, निघून गेली.

काम महिनाभर तरी चाललं असेल. तिन्ही कपाटं भिंतीलगत ओळीत ठेवली, फरशी वरखाली होती म्हणून गवंड्याची पाण्याची नळी आणून पातळी बघितली, खाली पाचरी मारल्या. कपाटं एकमेकांना जोडली. मग त्यांच्यावर उघाडीच्या फळ्या, आडव्या पट्ट्यांना लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या. लोखंडाला ती हात लावू देईना, मीठ खातं म्हणे लोखंडाला. पुढच्या बाजूला मुठीत धरता येईल अशी गोलसर कड काढली, काकांच्या उजव्या हातासाठी. शेगडीच्या खाली जुन्या कडाप्प्याचा तुकडा बसवला. मग मला हाक आली. मी बसलो, हललो, काकीच्या आज्ञेवरून उभा राहिलो, आणि एवढं करून खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की फळ्याफळ्यांच्या मध्ये फटी आहेत. काडेपेटीतली काडी जाईल अशा.

"काकी, या बुजवायच्या राहिल्या."

"राहिल्या नाय, ठेवल्या," काकी म्हणाली. "फट नाय ठेवली आनि फळी पानी प्याली तर जागा कुठनं आनेल? चौकट फोडेल. पानी लागलं का फळ्या फुगतात आनि भेटतात एकमेकींना. उघाडीचं दार असंच लागतं."

"पण काकी, हा ओटा आहे."

"मग?"

पुढे उन्हाळाभर त्या फटींतून जे जे बारीक आहे ते ते खाली गेलं. रवा, साखर, जिरं, मोहरी, हळद. पहिल्या कपाटाच्या खणात आपोआप एक मसाला तयार झाला आणि मुंग्यांना त्याची बातमी लागली. शेजारणी येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, "हिराबाय, ओटा केलास का चाळन?" काकीने तिला पाऊस पडू दे म्हणून सांगितलं. पण शेजारणींचं हसणं तिला लागत नव्हतं. तिला लागत होतं ते वेगळंच. एवढं करून काका ओट्यापाशी आलेच नव्हते. दारातून एकदा बघितलं, "चांगला केलास गो" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. पडल्याची भीती त्यांच्या पायात बसली होती. तिला पातळी लावायला काकीकडे नळी नव्हती. त्या दिवसांत मी काकीला पडवीत नुसतं बसलेलं पाहिलं, हातात काम नसताना. मला ते बघवत नव्हतं.

पाऊस आला, आषाढ सरत आला. एक दिवस रात्रपाळी करून मी सकाळी घरी येऊन झोपलो होतो. जमिनीवर अंथरूण. झोपेत पाठ ओली लागली. आधी वाटलं घाम आला, माझ्यासारख्याला येतो. मग कूस बदलली तर कानात पाणी गेलं. नदी आळीत आली होती.

बाहेर रस्ता ओढ्यासारखा वाहत होता. समोरच्या घरातली माणसं माडीवर चढून ओरडत होती, या म्हणून, पण काकांना घेऊन त्या धारेतून जाणं शक्य नव्हतं, आणि आमच्या माळ्याची शिडी त्यांना चढवत नव्हती. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओरडली, "अरविंदा, यांना उचल आनि ओट्यावर ठेव!"

मी काकांना उचललं. त्यांनी माझा सदरा मुठीत असा पकडला होता की नंतर त्याची बटणं सापडली नाहीत. ओट्यावर बसवलं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप त्या गोल कडेवर गेला आणि तिथेच राहिला. काकी डबे वर चढवत होती. पाणी मांडीला आलं. आणि मग ओट्याचं डावं टोक, जिकडे कडाप्पा नव्हता तिकडचं, जरासं हललं. मला वाटलं भास झाला. मग ते परत हललं आणि बोटभर वर आलं.

"आयो!" काकी किंचाळली. "तरंगतोय!"

खोक्याची हलकी फळी, बंद दारांची कपाटं, ती तरंगणारच. पाणी आणखी वाढलं असतं तर होडीच झाली असती. काकांचा चेहरा पांढरा पडला. उचलला जाणारा ओटा त्यांनी एकदा बघितला होता. मी काहीतरी करायला म्हणून इकडेतिकडे पाहू लागलो, वरवंटा शोधावा, दोरी शोधावी, तेवढ्यात काकीचा हात माझ्या दंडावर पडला.

"शोधतोस काय? बस!"

मी डाव्या टोकावर चढून बसलो. ओटा खाली गेला, फरशीला टेकला आणि थांबला. माझ्या आयुष्यातला पराक्रम म्हणाल तर हा एवढाच. लोक पुरात उड्या घेतात, कुणाला वाचवतात. मी बसलो. एकदा पाय आखडला म्हणून जरा उठायला गेलो तर टोक लगेच वर आलं आणि काकी ओरडली. दुपारपर्यंत मला निसर्गाच्या हाकेलाही जायची परवानगी मिळाली नाही. शेवटी काकीही चढून आमच्या दोघांच्या मध्ये बसली. खालून पाणी फळ्यांना चापट्या मारत होतं.

"मी सगळं वरून धरून चालले," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता. "मानूस टेकला तर, पडला तर, वरून किती भार येईल. पानी खालनं उचलेल हे डोक्यातच आलं नाय. उघाडीवाल्याची पोर मी, आनि खालच्या पान्याला इसरले."

काका कडेवरचा हात न सोडता म्हणाले, "उघाडीचं दार जाग्यावर कसं धरतात गो?"

"दोन बाजूंना दगडी खांब असतात. त्यांना खाच असते."

"मग हितं खाच कुठं हाय?"

काकीने माझ्याकडे बघितलं. "हितं अरविंदा हाय," ती म्हणाली.

काशीकाका हसले. झटका आल्यापासून ते मी पहिल्यांदाच पाहिलं. अर्धाच ओठ वर गेला, पण अंग सगळं हललं, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही हललो. ओटा हलला नाही.

दुपार कलली तसं पाणी उतरलं. फरशीवर घोटाभर चिखल राहिला. मी उतरून काकांना उचलायला हात पुढे केले तर त्यांनी मान हलवली. उजव्या हाताने कड धरली, पुढे सरकले आणि आपल्या पायांनी खाली उतरले. उतरले आणि उभे राहिले. सगळा भार त्या एका हातावर. काकीचे दोन्ही हात हवेत, धरू की नको अशा अवस्थेत. काका तसेच उभे राहून ओट्यावरून डोळे फिरवत होते. मग त्यांनी तांब्या उचलला आणि थोडं पाणी फळ्यांवर ओतलं. पाणी तिथेच राहिलं. खाली एक थेंब गेला नाही.

"लागलं गो तुझं दार," ते म्हणाले.

काकी रडली. मोठ्याने, आळीला ऐकू जाईल अशी, अगदी तिच्या आवाजात. काकांनी तिला रडू दिलं आणि मला माळ्यावरचा रॉकेलचा स्टो काढायला सांगितलं. त्या चिखलात उभं राहून त्यांनी कोरा चहा केला. चहात साखर होती की नव्हती ते आठवत नाही. आम्ही तिघांनी तो उभ्याने प्यायला, कारण बसून बसून मी कंटाळलो होतो.

पुढे काकीने ओट्याला भिंतीत खाचा केल्या, एक बोट जास्त खोल. काका रोज स्वयंपाक करू लागले, हळूहळू, एका हाताने, आणि मी वजनाने पूर्वपदावर आलो. उन्हाळ्यात फटी पुन्हा उघडायच्या. काकांनी खालच्या खणात एक ताटली ठेवून दिली होती. गळालेली मोहरी ते निवडून परत फोडणीला घालायचे. काडीभर फटीत भुसा-सरस भर म्हणून त्यांनी काकीला कधी सांगितलं नाही.

मग माझं लग्न झालं, पेणला दुसरी नोकरी लागली, रोहा सुटलं. काकी निरोपाला पाट देणार होती, पण टेम्पोवाला तयार होईना. येणंजाणं कमी झालं. मला साखरेचा आजार निघाला, डॉक्टरांनी भात तोडला आणि देवाने दिलेला एकमेव गुण दोन-तीन वर्षांत अर्ध्यावर आला. काशीकाका गेल्याचं मला उशिरा कळलं. शतक संपता संपता, वैशाखात, मी रोह्याला गेलो.

काकी ओटीवर नव्हती, पडवीत नव्हती. स्वयंपाकघरात होती. शेगडीवर कसलीशी डाळ लागत होती, वास येत होता. ती खूप म्हातारी दिसली. मला बघून आधी ओळखलंच नाही. मग वरपासून खालपर्यंत पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, आणि तिचा चेहरा पडला.

"अरे, हे काय करून घेतलंस?" ती म्हणाली. "सगळा वाळलास की रे!"

आजाराचं सांगितलं. काकांचं बोलणं निघालं, थांबलं. काकी ओट्यावर हात फिरवत होती. फटी उघडलेल्या होत्या. पुढच्या कडेला एका जागी लाकूड एवढं गुळगुळीत झालं होतं की चमकत होतं.

"हे गेल्यापासून याच्यावर भार पडला नाय," ती म्हणाली. "एक फळी जरा उठायला लागली हाय. लाकडाला भार लागतो. बस रे जरा."

मी चढून बसलो. ओट्याने दखलही घेतली नाही. काकी समोर उभी राहून त्या उठलेल्या फळीकडे बघत होती.

"पुरत नाय," ती म्हणाली.

"काकी, आता एवढाच आहे मी."

तिने शेगडी बंद केली. पदर कमरेला खोचला, ती गुळगुळीत झालेली जागा मुठीत धरली आणि कशीबशी वर चढून माझ्या शेजारी बसली. पाय जमिनीला लागत नव्हते. जरा दम खाल्ला.

"आता हल," ती म्हणाली.

आम्ही दोघंही हललो.